समुपदेशक बदलता आला पाहिजे

विशाखापट्टणमला राहून नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शाळा, महाविद्यालयं, विद्यापीठं, खाजगी क्लास, वसतिगृहं, सगळ्यांना त्या लागू आहेत. जिथं 100 किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावून ठेवायची. याबाबत कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

कोल्हापुरात त्यांचं पुढं काय होईल, याचा अंदाज इथल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या कुणालाही बांधता येईल. एक समिती स्थापन होईल. नोटीस बोर्डावर एका प्राध्यापकाचं नाव आणि मोबाइल नंबर लागेल. तो प्राध्यापक बहुतेक वेळा कळकळीचा असतो, मुलांसाठी वेळ काढणारा असतो. पण तोच वर्गात शिकवतो, अंतर्गत गुण देतो, हजेरीच्या यादीवर सही करतो. ज्याच्या हातात माझे गुण आहेत त्याच्यासमोर 'मी रात्री झोपू शकत नाही, मला मरावंसं वाटतं' हे कुठला मुलगा बोलेल? काही ठिकाणी खरोखर प्रशिक्षित व्यक्ती नेमली जाईल, आणि ते आजच्यापेक्षा नक्कीच चांगलं असेल. तरीही एका संस्थेत एक समुपदेशक एवढ्यावर हा विषय संपला तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तीच मुलं त्या दारापर्यंत पोहोचणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्याला समुपदेशक निवडता आला पाहिजे, आणि जमलं नाही तर कारण न सांगता बदलता आला पाहिजे. ही सोय चैनीची नाही. बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा गुण येण्यासाठी ती लागतेच.

यामागं संशोधनाचा भक्कम आधार आहे. सॉल रोझेंझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1936 मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या मानसोपचार पद्धतींमध्ये काही समान घटक असतात आणि गुण येण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पुढं 1979 मध्ये एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारक आणि येणारा माणूस यांच्यातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठं पोहोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. तेव्हापासून झालेल्या असंख्य अभ्यासांत हे नातं आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध सातत्याने दिसत आला आहे. समोरच्या माणसाशी सूर जुळला नाही तर पदवी कितीही मोठी असो, बैठका वाया जाण्याची शक्यता वाढते. आणि सूर जुळणं ही बाहेरून नेमून देता येण्यासारखी गोष्ट नव्हे.

आता हे कोल्हापुरात ठेवून पाहा. इथं नवा माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत गाव कुठलं, आडनाव काय, कुणापैकी, हे विचारून होतं. त्यात आपुलकी असते, हे मी मान्य करतो. पण समुपदेशकाच्या खुर्चीतून हेच प्रश्न आले की मुलगा आतल्या आत मिटतो. राधानगरीच्या, चंदगडच्या, शाहूवाडीच्या पोराला पक्कं माहीत असतं की या शहरात दोन ओळखींच्या पलीकडं कुणीही अनोळखी नाही. समुपदेशक बाईंचे मिस्टर कदाचित त्याच्या मामाच्या सहकारी बँकेत असतील, किंवा त्याच्याच घरमालकाचे पाव्हणे निघतील. वसतिगृहातल्या मुलीला भीती वाटते ती त्याहून साधी: त्या खोलीत जाताना कुणी पाहिलं तर? खोली नेमकी प्राचार्यांच्या केबिनशेजारी असेल तर तिथं जाण्याआधीच तिचं धैर्य संपलेलं असतं. मोठ्या शहरात गर्दीमुळं आपोआप मिळणारा आडोसा कोल्हापुरात मिळत नाही, तो मुद्दाम उभा करावा लागतो. म्हणून निवडीचा प्रश्न इथं पुण्या-मुंबईपेक्षा जास्त निकडीचा आहे.

जातीबद्दल उघडपणे बोलायला हवं. वर्गात आपल्याला वेगळं वागवलं जातं हे सांगायला आलेल्या दलित विद्यार्थ्याला समोरचा माणूस 'अरे, तसं काही नसतं, तू जास्त विचार करतोस' म्हणाला, तर तो परत येणार नाही. हीच गोष्ट आपल्याला मुलगाच आवडतो हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगणाऱ्या मुलाची. त्याला समजुतीच्या नावाखाली 'सुधारण्याचा' प्रयत्न होणं हा सरळ अपाय आहे. लैंगिक कल बदलण्याचे असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. घरात छळ सोसलेल्या मुलीला स्त्री समुपदेशकच हवी असू शकते. एखाद्याला आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसासमोर तोंड उघडत नाही, एखाद्याला उलट वयस्कर माणूसच हवा असतो. कागल-गडहिंग्लजच्या पलीकडच्या सीमाभागातून आलेल्या मुलाला कदाचित कन्नडमध्ये रडावंसं वाटेल. एकाच व्यक्तीकडून हे सगळं कसं होणार? त्या व्यक्तीवरही तो अन्यायच आहे.

नात्याइतकंच महत्त्व काही त्रासांमध्ये पद्धतीला असतं, आणि इथं मुलांची फार दिशाभूल होते. मंत्रचळाचा त्रास घ्या. हात पुन्हापुन्हा धुणं, कुलूप दहादा तपासणं, मनात नको ते विचार येऊन त्यांच्या भीतीनं गणती करत राहणं. यावर सर्वात चांगला पुरावा असलेला बोलण्याचा उपचार म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती कृती करण्यापासून स्वतःला थांबवायचं, तेही प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं. अशा मुलाला कुणी सकारात्मक विचार करायला सांगितलं, किंवा दरवेळी 'काही होत नाही रे' म्हणून धीर दिला, तर त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो, कारण धीर मागणं हाही त्या चक्राचाच भाग असतो. अचानक छातीत धडधड होऊन आता आपण मरणार असं वाटण्याचे झटके, परीक्षेची टोकाची भीती, नैराश्य, यांत विचार आणि वर्तन यांच्यावर एकत्र काम करणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही उपचारपद्धती उपयोगी ठरते. ती 1960 च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी घडवली. तिच्या आधी अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली, म्हणून आपल्याकडं ती पुष्कळांच्या कानावर असते. वडील गेल्यानंतर दोन वर्षांनीही पुस्तक उघडवत नसलेल्या मुलीला मात्र कदाचित कुठलंही तंत्र नको असतं. तिला हवं असतं ते कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेलं: निवाडा न करता, खरेपणानं, समजून घेऊन ऐकणं. सगळ्यांना सगळं चालत नाही, आणि विद्यार्थ्याला हे आधी सांगणारं कुणीतरी पाहिजे.

कोण काय करतो हेही गोंधळाचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, त्याला औषधं लिहून देता येतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, ती तपासता येते, आणि तो तपासणी आणि बोलण्याचे उपचार करतो, औषधं देत नाही. समुपदेशक या नावाखाली मात्र बरंच काही येतं: मानसशास्त्रात एम.ए. करून पुढं वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतलेली माणसं येतात, आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही येतात. समुपदेशकांच्या नोंदणीची वाट 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने उघडली खरी, पण ती व्यवस्था नीट रुळेपर्यंत विद्यार्थ्याने विचारूनच घ्यायला हवं.

काय विचारायचं? शिक्षण कुठं झालं आणि या प्रकारच्या त्रासावर आधी काम केलंय का. तुमच्या कामावर एखाद्या वरिष्ठाची देखरेख आहे का, हा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारत नाही, पण चांगले उपचारक स्वतःच्या अवघड केसेस नियमितपणे दुसऱ्यासमोर मांडतात आणि तसं मोकळेपणानं सांगतातही. गुण येतोय की नाही हे आपण दोघं कसं ओळखायचं. फी कमी होईल का. आणि सर्वात महत्त्वाचं, मी इथं जे बोलेन त्यातलं कॉलेजला आणि घरी काय कळेल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच बैठकीत, स्पष्ट मिळालं पाहिजे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, आणि त्याला जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश असणं असे ठरावीक अपवाद आहेत. 'घरी सांगणार नाही' एवढं मोघम आश्वासन पुरत नाही. कुठल्या प्रसंगी सांगावं लागेल हे जो आधीच सांगतो तो जास्त विश्वासाचा. हे प्रश्न विचारणं उद्धटपणाचं आहे असं आपल्या मुलांना वाटतं, कारण गुरुजनांना प्रश्न विचारायचे नाहीत हेच ती शिकत आली आहेत. त्यांना हे प्रश्न आपण, शिक्षकांनी, छापून हातात दिले पाहिजेत.

पहिल्या भेटीतच सगळं कळत नाही, हेही सांगायला हवं. तीन-चार बैठकांपर्यंत अवघडलेपण राहतं, कधी बैठकीनंतर आणखी उदास वाटतं, कारण आजवर दाबलेलं वर येतं. तेवढ्यावरून माणूस बदलू नये. निवडीचा हक्क दिला तर मुलं कठीण विषय आला की पळतील आणि एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहतील, असा आक्षेप माझे काही सहकारी घेतात. त्यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून दार बंद ठेवायचं नसतं. 'मला हे जमत नाहीये' असं समोरासमोर म्हणता येणं हा उपचाराचाच भाग असू शकतो. चांगला समुपदेशक ते ऐकून आपली पद्धत बदलतो किंवा स्वतःच योग्य माणसाचं नाव सुचवतो. उपदेश करणारा, देवाधर्माचे उपाय सांगणारा, स्वतःच्याच गोष्टी ऐकवणारा, मुलीला अंगाला हात लावून धीर देणारा, किंवा ठरावीक बैठकांत पूर्ण बरं करण्याची हमी देणारा भेटला तर मात्र तीन बैठकांचीही वाट पाहायची नाही. आणि मुलाला बदल मागता येत नसेल तर तो काय करतो? तो गप्प बसतो. मग 'मी समुपदेशन घेऊन बघितलं, काही उपयोग नाही' हे वाक्य घेऊन तो वर्षानुवर्षं जगतो. एका न जुळलेल्या माणसामुळं संपूर्ण उपचारावरचा विश्वास उडणं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे. याइतकं दुसरं काही मला अस्वस्थ करत नाही.

दुसरा आक्षेप खास कोल्हापुरी आहे. तालमीत घाम गाळावा, मित्रांत बसावं, रंकाळ्यावर फिरून यावं, मन आपोआप मोकळं होतं. व्यायामाचा, मित्रांचा, मोकळ्या हवेचा फायदा होतो, यात वाद नाही. सौम्य उदासीला तेवढं पुरूही शकतं. पण ज्याचं झोपणं-खाणं महिनाभर बिघडलंय, ज्याला जगणंच नको झालंय, त्याला 'मन घट्ट कर भावा' म्हणणारे मित्र किती पुरे पडणार? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रात. यातल्या अनेक मुलांना मित्रही असतील. ज्या मुलाच्या मनात आज, आत्ता असे विचार आहेत त्यानं योग्य समुपदेशक शोधत बसायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मराठीतही, मोफत उपलब्ध आहे. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून तिथं जाता येतं. सोबत एक मित्र न्यायचा. निवड वगैरे त्यानंतर.

आता पैशांचा मुद्दा. खाजगीत चार बैठकांना जेवढा खर्च येतो तेवढ्यात इथं अनेकदा महिनाभराची मेस भागते. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं पोर घरून मागून आणलेल्या पैशांतून हे कसं करणार? ऑनलाइन बैठका स्वस्त पडतात, पण एका खोलीत चौघं राहत असताना बोलायचं कुठं? मुलं मग कानात हेडफोन घालून रस्त्याकडेला उभी राहून आयुष्यातलं सर्वात अवघड बोलणं बोलतात. आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतला मुलगा तर कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नसतो, त्याचा समुपदेशक नेमायचा कुणी?

या शहरानं असा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना राहायला जागा नव्हती, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढं वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातली काही आजही दिसतात. महाराजांचा विचार साधा होता: शिकायला आलेल्या मुलाला फी माफ करून भागत नाही, त्याला टेकायला जागाही लागते, आणि ती समाजानं मिळून उभी करायची असते. जातवार वसतिगृहांचा तो काळ गेला, त्याची पुनरावृत्ती कुणाला नको. पण विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणाइतकीच त्याच्या मनाची काळजीही सार्वजनिक जबाबदारी मानली, तर पुढचं पाऊल कोणतं हे याच इतिहासातून सुचतं.

प्रत्येक महाविद्यालयानं वेगळा, एकेक, अर्धवेळ समुपदेशक नेमण्याऐवजी शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून एक सामायिक यादी करावी. शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागानं त्याचं संयोजन करावं. दहा महाविद्यालयांनी जो खर्च सुटासुटा आणि अपुरा केला असता तोच एकत्र केला, तर आठ-दहा प्रशिक्षित माणसं नेमता येतील: स्त्रिया, पुरुष, वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या सामाजिक पार्श्वभूमीची, एखादी कन्नड बोलणारी, त्यांत किमान एक-दोन चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, आणि गंभीर प्रसंगासाठी मानसोपचारतज्ज्ञाशी ठरलेली व्यवस्था. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेत समाजकार्यकर्त्यांचाही उल्लेख आहे, आणि सायबर महाविद्यालयासारख्या संस्थेतून इथं समाजकार्याचे पदवीधर बाहेर पडतात. त्यांना किशोर आणि तरुणांच्या मानसिक आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण देऊन या कामात घेता येईल. जागा कुठल्याही महाविद्यालयाच्या आवारात नको. केएमटीच्या शहर बसनं पोहोचता येईल अशा ठिकाणी, संध्याकाळी आणि रविवारीही उघडी असणारी दोन-तीन केंद्रं पुरतील. अभ्यासिकांमधल्या मुलांनाही तिथं यायला मोकळीक असावी.

प्रत्येक समुपदेशकाची माहिती मराठीत एका पानावर द्यावी: शिक्षण, नोंदणी, कुठल्या त्रासांवर काम, कुठली भाषा. मुलानं त्यातून निवडावं. पहिल्या सहा बैठका मोफत असाव्यात, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांच्या त्रासाला किमान दिशा मिळायला तेवढ्या लागतात. त्यापुढं ऐपतीनुसार फी. बदल हवा असेल तर एक संदेश पुरेसा असावा, कारण विचारू नये. महाविद्यालयाला फक्त किती बैठका झाल्या एवढा आकडा मिळावा, नावं कधीच नाहीत. प्राचार्यांना आपल्या विद्यार्थ्याची काळजी असते हे खरं, पण त्या काळजीपोटी नाव विचारलं जाणं हेच मुलांना सर्वात जास्त भिववतं.

प्रशिक्षित माणसं इतकी आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच. देशभरातच त्यांचा तुटवडा आहे आणि तो एका वर्षात भरून निघणार नाही. म्हणूनच सामायिक यादीचा आग्रह आहे: असलेली थोडी माणसं दहा नोटीस बोर्डांवर विखुरण्यापेक्षा सगळ्या मुलांना खुली करावीत. सुरुवात चार महाविद्यालयांनी आणि चार समुपदेशकांनीही करता येईल. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी या शहरानं किती वर्षं आंदोलन केलं, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा वकिलांसोबत सामान्य माणसंही आनंदात होती. एवढा रेटा लावू शकणाऱ्या शहराला ही मागणी जड नाही.

विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेलेल्या पदवीधर आणि प्राध्यापक प्रतिनिधींनी येत्या अंदाजपत्रकात या केंद्रांसाठी वेगळी तरतूद मागावी. प्राचार्यांनी तोवर एवढं तरी करावं: गुण देणाऱ्या प्राध्यापकाकडून समुपदेशनाचं काम काढून घ्यावं, बाहेरच्या किमान तीन प्रशिक्षित व्यक्तींशी रीतसर करार करावा आणि त्यांची नावं, नोंदणी आणि भेटीच्या वेळा पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळी ओळखपत्रासोबत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात द्याव्यात. त्याच कागदावर 14416 छापावा, आणि त्याखाली स्पष्ट लिहावं की यातला कुणी जमला नाही तर दुसऱ्याकडं जाता येईल, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.